साब का बुडाली, आणि जुनी ९०० आज घ्यावी का?

पुण्याहून नोकरीसाठी गोथेनबर्गला आलेल्या एका तरुण इंजिनिअरने विचारलंय: शेजाऱ्याने १९९०ची साब ९०० टर्बो विकायला काढली आहे. चालवून बघितली आणि मनात बसली. इतकी विचार करून बनवलेली गाडी काढणारी कंपनी बुडाली कशी? जनरल मोटर्सने तिला मारली असं सगळे म्हणतात, ते खरं का? आणि ही गाडी आता घ्यावी का?

मी मूळचा चिंचवडचा. गेली १९ वर्षं पश्चिम स्वीडनमध्ये आहे. आठवडाभर पेट्रोल इंजिनांच्या कॅलिब्रेशनचं काम करतो आणि शनिवारी एका मित्राच्या गॅरेजमध्ये जुन्या साब दुरुस्त करतो. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी सरळ उत्तर देतो. जीएमच्या, म्हणजे जनरल मोटर्सच्या, चुका खऱ्या आणि मोठ्या आहेत, पण साबचं दुखणं त्याच्या खूप आधीचं होतं. साबने एका वर्षात दीड लाख गाड्या कधीच बनवल्या नाहीत. ज्या प्रतीच्या गाड्या ती बनवत होती त्यांचा खर्च एवढ्या संख्येत भागत नव्हता. बाकी सगळी हकीकत याच गणिताभोवती फिरते.

साब म्हणजे मूळ स्वेन्स्का एरोप्लान आक्टिबोलागेट, स्वीडिश विमान कंपनी. स्थापना १९३७, गाव ट्रोलहेट्टान. गोथेनबर्गहून उत्तरेला तासाभराच्या आत पोचता. दुसरं महायुद्ध संपत आलं तेव्हा लढाऊ विमानांची मागणी घटणार हे दिसत होतं, म्हणून १९४५मध्ये मोटारीचं काम हाती घेतलं. प्रमुख इंजिनिअर गुन्नार युंगस्ट्रोम, आणि आकार देणारा सिक्स्टेन सासोन. याच सासोनने हासेलब्लाडच्या कॅमेऱ्याचं रूप घडवलं. मोटारींच्या धंद्यातली वहिवाट या मंडळींना ठाऊकच नव्हती. विमानाला हवा कशी कापायची आणि कमीत कमी पत्र्यात जास्तीत जास्त ताकद कशी आणायची, हे मात्र पक्कं ठाऊक होतं. डिसेंबर १९४९मध्ये जी साब ९२ कारखान्याबाहेर पडू लागली, ती बाजूने बघितली तर विमानाच्या पंखाचा छेदच. पुढच्या चाकांना ताकद, आडवं बसवलेलं ७६४ सीसीचं दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन, २५ हॉर्सपॉवर. सुरुवातीच्या सगळ्या गाड्या हिरव्या. आणि डिकीला झाकणच नाही, कारण झाकणासाठी भोक पाडलं की बॉडीची ताकद जाते. सामान मागच्या सीटच्या पाठीमागून आत ढकलायचं. गिऱ्हाइकांनी कुरकुर केल्यावर १९५३मध्ये झाकण आलं.

हा डिकीचा प्रकार मी मुद्दाम सांगतोय. साबला लोक विक्षिप्त म्हणतात, ते मला पटत नाही. तुम्हाला विचित्र वाटेल अशी त्या गाडीतली कुठलीही गोष्ट घ्या आणि मागे जात राहा, एखादा खराखुरा प्रश्न सापडतोच. टू-स्ट्रोक इंजिनात ऑइल पेट्रोलबरोबरच आत जातं. लांब उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की पेट्रोल बंद, म्हणजे ऑइलही बंद, आणि चाकं मात्र इंजिनाला फिरवत राहतात. मग पिस्टन जाम. म्हणून साबने फ्रीव्हील दिलं, सायकलसारखं. पाय उचलला की चाकं मोकळी फिरतात, इंजिन आपलं शांत आयडलला. ज्याने पहिल्यांदा चालवली त्याला वाटतं गाडी बिघडली.

तुमच्या ९००मध्ये चावी दोन सीटांच्या मध्ये, गिअरच्या दांड्यापाशी आहे. कारण धडक झाली की स्टिअरिंगच्या खांबावरची चावी गुडघ्यात घुसते. शिवाय ही चावी स्टिअरिंगऐवजी गिअरबॉक्सला कुलूप घालते, म्हणून रिव्हर्स टाकल्याशिवाय ती निघत नाही. दार बघा, ते पार खाली उंबऱ्याच्याही खालपर्यंत येतं, त्यामुळे उतरताना रस्त्यावरचा मीठमिश्रित चिखल पँटला लागत नाही. इथे एक हिवाळा काढलात की त्याची किंमत कळेल. पुढच्या काचेचे खांब जाडजूड आहेत. मूस नावाचं ते उंच हरणाच्या जातीचं जनावर रात्री रस्त्यात आलं, तर त्याचे पाय बंपरला लागतात आणि सगळं धूड काचेवर येतं. हेडलाइटचे वायपर १९७०मध्ये, गरम होणारी ड्रायव्हरची सीट १९७१मध्ये, आत येणारी हवा गाळणारा फिल्टर १९७८मध्ये ९००बरोबर. हे सगळं बर्फ, अंधार, हातमोजे आणि मूस यांच्यात राहणाऱ्या माणसांनी स्वतःसाठी केलेलं आहे. ज्या देशात हवा अशी नाही तिथल्या गिऱ्हाइकाला यातलं निम्मं कळलं नसेल, पण त्यामागची काळजी कळायची.

साठच्या दशकात एरिक कार्लसनने ८४१ सीसीची साब ९६ घेऊन १९६० ते १९६२ अशी सलग तीन वर्षं ब्रिटनची आरएसी रॅली जिंकली, आणि १९६२ व १९६३ला मॉन्टे कार्लो. त्यामुळे जगाला साब हे नाव कळलं. पण टू-स्ट्रोकचा धूर लोकांना नकोसा झाला होता, म्हणून अखेर फोर्डचं जर्मन व्ही-४ इंजिन घालावं लागलं. स्वतःचं नवं इंजिन करायला पैसे नव्हते, हा प्रकार तेव्हापासूनचा. १९६७च्या शेवटी ९९ आली. तिचं इंजिन ब्रिटनच्या ट्रायम्फकडून यायचं. सत्तरच्या दशकात ते सुधारून दोन लिटरचं केलं आणि घरचं झालं.

आता टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा. माझा रोजचा धंदाच हा, म्हणून इथे थोडा रेंगाळतो.

सत्तरच्या दशकात अमेरिकेत गाडी विकायची तर ताकद हवी होती. इतर कंपन्या सहा किंवा आठ सिलिंडर घालत. साबकडे एकच चार सिलिंडरचं इंजिन, आणि नव्याला पैसा नाही. टर्बो तोपर्यंत बीएमडब्ल्यू २००२ टर्बो आणि पोर्शे ९११ टर्बोमध्ये आला होता, पण तो शर्यतीच्या धाटणीचा. इंजिन वर चढेपर्यंत काही नाही, आणि मग एकदम धक्का. पेर यिलब्रांद आणि त्याच्या सहकाऱ्यांनी प्रश्नच वेगळा मांडला. ट्रकमागे अडकलेल्या माणसाला ओव्हरटेक करायला ताकद लागते, ती मधल्या वेगात लागते, आणि ती रोज लागते. म्हणून त्यांनी टर्बो लहान घेतला, म्हणजे एक्झॉस्टच्या थोड्या जोरावरही तो लवकर फिरायला लागेल, आणि दाब ठरलेल्या हद्दीबाहेर जाऊ लागला की जादा एक्झॉस्ट बाजूला वळवणारा वेस्टगेट बसवला. १९७७मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ९९ टर्बो आली. दोन लिटर, १४५ हॉर्सपॉवर.

त्याहून मोठं काम म्हणजे एपीसी, टर्बोचा दाब आपोआप सांभाळणारी यंत्रणा, १९८०च्या दशकाच्या सुरुवातीची. टर्बो इंजिनाला हलकं पेट्रोल मिळालं की ते ठोकायला लागतं, म्हणजे आत पेट्रोल भलत्या वेळी भडकून टकटक आवाज येतो, आणि जास्त ठोकलं की पिस्टन फुटतो. म्हणून सगळे घाबरून दाब कमी ठेवायचे. साबने ब्लॉकवर एक सेन्सर लावला, इंजिनाचा कानच म्हणा. ठोकण्याची पहिली चाहूल लागली की एक छोटा व्हॉल्व्ह दाब उतरवतो, आवाज गेला की परत चढवतो. पेट्रोल चांगलं मिळालं तर इंजिन स्वतःच जास्त ताकद देतं. नव्वदच्या दशकात ट्रायॉनिक ही इंजिन सांभाळणारी साबची पुढची यंत्रणा आली, आणि तिथे वेगळ्या कानाचीही गरज उरली नाही. स्पार्क पडून गेल्यावर त्याच प्लगमधून बारीक करंट सोडायचा आणि सिलिंडरच्या आत जळणं कसं झालं ते त्यावरून वाचायचं. मी पहिल्यांदा तो सिग्नल ऑसिलोस्कोपवर बघितला तेव्हा बराच वेळ नुसता बघत उभा होतो. मोठा संशोधन विभाग नसलेल्या एका छोट्या कंपनीने हे रोजच्या गाडीत घालून विकलं होतं.

आज रांजणगावला बनणाऱ्या नेक्सॉनमध्ये १.२ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन असतं. छोटं इंजिन, मधल्या वेगात भरपूर टॉर्क, ठोकण्यावर कॉम्प्युटरची नजर. साबच्या गाड्या भारतात कंपनीने कधी रीतसर विकल्या नाहीत, पण हा विचार आपल्याकडे सगळ्या रस्त्यांवर धावतोय.

मग पैसा कुठे अडला? एक काल्पनिक हिशोब मांडतो, आकडे फक्त समजण्यापुरते. नवं मॉडेल काढायला डिझाइन, पत्र्याचे साचे, धडकेच्या चाचण्या, सगळं मिळून १,००० कोटी लागले असं धरा. मॉडेल सात वर्षं चाललं. वर्षाला दहा लाख गाड्या विकणाऱ्याला गाडीमागे जेमतेम १,४०० रुपये पडतात. वर्षाला एक लाख विकणाऱ्याला १४,०००. साचा दोघांनाही तेवढाच लागतो, भिंतीवर आपटायच्या गाड्याही तेवढ्याच. छोट्या कंपनीला मग दोनच वाटा उरतात: किंमत बरीच वर न्यायची, किंवा तेच मॉडेल ओढत राहायचं.

साबने ओढलं. कुठल्याही मोटार कंपनीची नाडी बघायची असेल तर विक्रीचे आकडे नंतर बघा, आधी एक मॉडेल किती वर्षं चाललं ते बघा. ९६ १९६० ते १९८०, वीस वर्षं. तुमची ९०० १९७८ ते १९९३, आणि ती मुळात ९९चाच सांगाडा लांब करून केलेली, म्हणजे तो सांगाडा २६ वर्षं जगला. पहिली ९-५ १९९७ ते २०१०. प्रत्येक वेळी गाडी येताना काळाच्या पुढे होती आणि जाताना म्हातारी. मधली वर्षं टर्बो, कन्व्हर्टिबल, सोळा व्हॉल्व्ह अशा युक्त्यांवर काढली. जुन्या ९००च्या सुमारे नऊ लाख गाड्या झाल्या हे या युक्त्यांचं श्रेय.

भागीदारीही करून बघितली. १९८४ची ९००० फियाट, लॅन्सिया आणि अल्फा रोमिओ यांच्याबरोबर एकाच आराखड्यावर काढायची ठरली, खर्च वाटून घ्यायला. पण धडकेचे साबचे स्वतःचे निकष इतके कडक की दारं, पुढचा भाग, बरंच काही त्यांनी पुन्हा स्वतःच्या पद्धतीने केलं. गाडी उत्तम झाली. वाचवायला निघालेला पैसा मात्र पुष्कळसा तिथेच गेला. इंजिनिअर म्हणून मला त्यांचा अभिमान वाटतो, आणि तरीही सांगतो, कंपनी बुडण्याचं बीज याच सवयीत आहे. १९८७नंतर अमेरिकेतली विक्री घसरली, डॉलर आधीच खाली आला होता, आणि साबचा फार मोठा भार त्या एका बाजारावर होता. तोटा सोसवेना. जीएमने ६० कोटी डॉलर देऊन निम्मा हिस्सा घेण्याचा करार १९८९च्या डिसेंबरात झाला. उरलेला हिस्सा २०००मध्ये घेतला.

जीएमच्या काळाबद्दल लोक फार रागाने बोलतात. मी थोडं वाटून सांगेन. जीएम आली नसती तर साब नव्वदच्या दशकातच संपली असती, अशी माझी खात्री आहे. १९९३ची नवी ९०० जीएमच्याच जर्मन कंपनीच्या, ओपेलच्या, व्हेक्ट्राच्या सांगाड्यावर आली, त्यात मूळ दोष काही नव्हता. १९९७च्या ९-५मध्ये मागून धडक बसली की मानेला झटका बसू नये म्हणून आपोआप पुढे सरकणारी हेडरेस्ट आली, ती जीएमच्याच पैशातून.

चूक झाली ती पुढे. मागणी वाढवायला नवी गाडी हवी होती, तर दुसऱ्यांच्या गाड्यांना साबचा बिल्ला लावला. ९-२एक्स म्हणजे जपानमधली सुबारू इम्प्रेझा. ९-७एक्स म्हणजे ओहायोत बनणारी शेव्हरोले ट्रेलब्लेझर. त्या ९-७एक्समध्ये चावी मात्र आठवणीने दोन सीटांच्या मध्ये नेली होती. गुडघा, गिअरबॉक्सचं कुलूप, यातलं कारण त्या गाडीच्या रचनेत कुठे नव्हतं. चावीची जागा तेवढी राहिली. हे बघून साबवर जीव असलेल्या कितीतरी लोकांनी पुढची गाडी दुसऱ्या कंपनीची घेतली. त्याच काळात ९-५ म्हातारी होत चालली होती, आणि तिच्या काही वर्षांच्या इंजिनांत ऑइलचा घट्ट गाळ जमून इंजिनं बसण्याची तक्रार सगळीकडे होती. अशा वेळी ज्या पैशाने नवी ९-५ पाच वर्षं आधी यायला हवी होती, तो आला नाही.

शेवट भराभर सांगतो, कारण त्यात शिकण्यासारखं कमी आणि त्रास जास्त आहे. फेब्रुवारी २००९मध्ये साबने कर्ज देणाऱ्यांपासून संरक्षण मागितलं. क्योनिगसेग ही छोटी स्वीडिश स्पोर्ट्स कार कंपनी घेणार होती, नोव्हेंबरात मागे फिरली. २०१०च्या सुरुवातीला स्पायकर या छोट्या डच कंपनीने घेतली. नवी ९-५ अखेर आली, पण २०१०मध्ये एकूण उत्पादन तीस हजारांच्या आसपास. एवढ्यात कुठलाच कारखाना चालत नाही. २०११च्या वसंतात माल पुरवणाऱ्यांनी पैशाअभावी माल थांबवला आणि लाइन बंद पडली. चिनी कंपन्या पैसे लावायला तयार होत्या. पण गाड्यांमधलं तंत्रज्ञान जीएमचं होतं, जीएमची चीनमध्ये स्वतःची मोठी भागीदारी होती, आणि ते तंत्रज्ञान तिथल्या प्रतिस्पर्ध्याच्या हाती जाऊ द्यायला तिने नकार दिला. १९ डिसेंबर २०११ला दिवाळखोरी. तीन हजारांहून जास्त लोक कामावरून गेले, आणि ट्रोलहेट्टानसारख्या गावात म्हणजे घराआड घर.

इथे व्होल्वोशी तुलना केल्याशिवाय चित्र पुरं होत नाही. तीही स्वीडिश, तीही अमेरिकन कंपनीने घेतलेली, फोर्डने १९९९मध्ये. २०१०मध्ये फोर्डने ती चीनच्या गीलीला विकली. पण तेव्हा व्होल्वो वर्षाला पावणेचार लाखांच्या जवळ गाड्या विकत होती, आणि तंत्रज्ञान वापरण्याचे हक्क घेऊन बाहेर पडली. साबकडे ना तेवढी संख्या होती ना स्वतःच्या मालकीचा सांगाडा. जीएमने २०११मध्ये दार लावलं हे खरं. त्या दारावर साबचं सगळं अवलंबून होतं, हे त्याच्या वीस वर्षं आधीच ठरलं होतं.

पुढे नेव्ह्स नावाच्या कंपनीने मालमत्ता घेतली आणि थोड्या ९-३ काढल्या, पण २०१४मध्ये साब हे नाव वापरण्याचा हक्क तिने गमावला. आज साब नावाने जे आहे ते ग्रिपेन विमानं बनवणारी मूळ कंपनी. गाड्यांचं संग्रहालय ट्रोलहेट्टानमध्ये शाबूत आहे. एका रविवारी जा, आणि १९४६चा पहिला नमुना आधी बघा.

आता तुमची गाडी. ९००चं इंजिन उलटं बसवलेलं आहे. क्लच पुढे, रेडिएटरच्या मागे, आणि गिअरबॉक्स इंजिनाच्या खाली. दोघांना जोडणारी चेन पुढच्या टोकाला. याचा फायदा असा की क्लच बदलायला इंजिन उतरवावं लागत नाही, बॉनेट उघडून वरूनच काम होतं. मी आणि माझा मित्र सकाळी सुरू केलं तर जेवायच्या आधी गाडी बाहेर असते. तोटा असा की पंख्याचे पट्टे मागे फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीला, खेटून आहेत, तिथे हात सोलवटतात. आणि गिअरबॉक्स खोलायचा तर इंजिनासकट सगळं वर काढावं लागतं. या गाडीची खरी दुबळी बाजू गिअरबॉक्सच आहे. तो टर्बोच्या ताकदीसाठी मुळात बनलेला नव्हता. म्हणून इंजिनाआधी त्याची परीक्षा घ्या: चौथ्या-पाचव्यात वेग धरून चालवताना कण्हल्यासारखा आवाज येतो का, रिव्हर्स टाकताना दात खरडतात का, ॲक्सिलरेटर झटकन सोडल्यावर गिअर बाहेर उडी मारतो का. गिअरबॉक्सचं ऑइल शेवटचं कधी बदललं ते शेजाऱ्याला विचारा. त्याला लगेच सांगता आलं तर गाडी बरी सांभाळली आहे असं समजा.

गंज दारांच्या खालच्या कडेला, मागच्या चाकांच्या कमानींवर आणि पुढे ड्राइव्हशाफ्ट जिथून बाहेर येतात त्या पत्र्यात बघा. शेवटच्या ठिकाणी गंज असेल तर किंमत कितीही कमी असो, सोडून द्या. छताचं कापड लोंबत असेल तर दुर्लक्ष करा, ते सगळ्यांचंच लोंबतं. सुट्या भागांची काळजी करू नका. पार्ट्सची कंपनी दिवाळखोरीतून वाचली, पुढे ओरिओ नावाने चालली, त्यामुळे रोज लागणारं बहुतेक सगळं मिळतं. आतल्या सजावटीचे प्लास्टिकचे तुकडे आणि चांगला गिअरबॉक्स मात्र शोधावे लागतात. ३० वर्षांपेक्षा जुनी असल्यामुळे वाहन करही नाही.

माझं मत विचाराल तर गंज नसेल आणि गिअरबॉक्स गप्प असेल तर घ्या. फक्त पैसे देण्याआधी एक करा. शेजाऱ्याला सांगा की आदल्या रात्रीपासून गाडी सुरू करायची नाही. इंजिन आणि गिअरबॉक्सला जोडणारी ती चेन ढिली झाली आहे का ते इंजिन पूर्ण थंड असताना, पहिल्या काही सेकंदांतच नीट ऐकू येतं. नंतर ऑइल पसरलं की आवाज दबतो. गॅरेजमध्ये आणलीत तर ती वेळ निघून गेलेली असेल. शनिवारी सकाळी आठला मीच तुमच्याकडे येतो.